आमच्याकडं कुनी आजारी पडत न्हाई

ह्ये माझं म्हननं न्हाई, सायबाचं म्हननं हाय. समाजमंदिरात भिंतीवर पडदा लावून, सगळ्या वाडीसमोर त्यानं सांगितलं, आन् आमी टाळ्या वाजवल्या. म्यापन वाजवल्या. टाळ्यांच्या मागनं चहा व्हता.

आमची वाडी धरनाच्या मागच्या अंगाला हाय. डिंभ्याला पानी अडलं तवा खालची रानं बुडाली आन् मानसं वर सरकली. समोर पानी, पाठीला डोंगर. यष्टी सकाळी येती, मनाला आलं तर दुपारी येती. मोबाईल घरोघर हायती, पर वाडीत रेंज न्हाई. घरामागं टेपाड हाय, त्याच्यावर एक मोठा धोंडा हाय. त्या धोंड्यावर हुबं ऱ्हायलं का रेंज येती, उतरलं का गेली. चढताना धाप लागती. सुनांना माहेरी बोलायचं असलं तर त्या वर जात्यात. बाकी आमचा मोबाईल म्हंजी लाईट गेल्यावरची बॅटरी.

पहिलं खालच्या गावात सरकारी दवाखान्यापाशी गाडी असायची. आजारी मानसाला न्यायची गाडी. दार नीट लागत नसायचं, दोरीनं बांधायला लागायचं, पर चालायची. तिच्यावरचा डायवर ह्याच भागातला. त्याला बोलवायची आमची एक रीत व्हती. कुनी पडलं, कुनाला पान लागलं, म्हंजी साप चावला, तर निरोप धाडायचा. यष्टीच्या डायवरकडं, न्हाईतर होडीवाल्याकडं, न्हाईतर दूध घालायला जानाऱ्याकडं. तो जाता जाता दवाखान्यासमोर थांबायचा आन् वरडायचा, "वरच्या वाडीला बोलावलंय रं!" झालं. गाडी निघायची. डायवर चहा टाकून निघायचा. कुनाला काय झालंय ह्ये त्याला वाटंतच कळायचं, कारन वाटंत जो भेटंल तो सांगायचा. माझ्या धाकट्या जावंला भातलावनीत पान लागलं तवा असाच निरोप गेला. ती वाचली, आजबी माझ्याशी भांडती.

फोन करायचा नंबर दवाखान्याच्या भिंतीवर रंगवला व्हता. आमी त्यो बघायचो. पर आमाला वाटायचं, फोन परक्या मानसानं करायचा. वळखीच्या मानसाला बोलवायला नंबर कशाला लागतोय? आमची जाऊ तर म्हनायची, "फोन केला तर त्याला वाटंल ह्यांना माझा भरवसा न्हाई."

मंग कंप्युटर आला. गाडी नवी दिली, दार चांगलं लागायचं. काचंपाशी एक मोबाईल चिकटवून दिला. डायवरला सांगितलं, आता पुन्याहून ह्याच्यावर फोन येईल तवाच हालायचं, आन् गाडी कुठं हाय ह्ये पुन्याला दिसत ऱ्हाईल. डायवर तरीबी आला, निरोपावरच आला, जुन्या सवईनं. मंग एक दिस आमच्या वसरीवर बसून म्हनला, "मावशी, आता असं येता यायचं न्हाई. मला नोटीस आली. इचारत्यात, फोन नसताना गाडी डोंगरात कशाला गेली व्हती? डिझेल कुनाच्या लग्नाला वापरलं?"

आमचं म्हातारं, म्हंजी माझा मालक, हासलं. म्हनलं, "सांगायचं, म्हाताऱ्याच्या लग्नाला."

"हासू नका आजोबा. फोन करत जावा. एवढं टेपाड चढा, पर फोन करा. पुन्यात तुमचा फोन वाजला पायजे."

आमी हां हां म्हनलं. आन् फोन केला न्हाई. त्याला नोटीस नगं म्हनून त्याला बोलवायचंच कमी केलं. जुन्नरचे मच्छीवाले भाई आठवड्याला पिकअप घिऊन धरनाच्या कडंला मासळी उचलायला येत्यात. त्यांच्या गाडीत म्हातारीकोतारी बसून जाऊ लागली. दुखनं मासळीच्या वारी काढायचं, अशी आमच्या वाडीत चेष्टा सुरू झाली. ताप आला का इचारायचे, "भाईचा वार कदी हाय?"

त्याच्या मागनं ती मिटिंग झाली. सरपंचानं बायकांना सांगून धाडलं का समद्यांनी या, आरोग्याचा इषय हाय. गाड्यांचा कारभार बघनारा साहेब तरना व्हता, बोलायला गोड. बूट बाहेर काढून आत आला, मला आवडलं ते. पडद्यावर त्यानं आमच्या जिल्ह्याचं चित्र दाखवलं. त्याच्यावर लाल ठिपके. हमरस्त्याला ठिपक्यांची नुसती रांग, मुंग्या लागल्यासारखी. पारगावला कारखान्याच्या अंगाला ठिपके. आन् आमच्या अंगाला, धरनाच्या मागं, काय न्हाई. निळं पानी आन् हिरवा डोंगर. देवानं आत्ताच केल्यावानी.

जावंनं इचारलं, "ह्ये ठिपके कशाचे?"

"आजारी लोकांचे, मावशी. म्हणजे जिथून फोन आले तिथले. बघा, तुमचा भाग किती चांगला आहे. इकडं हवा शुद्ध, खाणं साधं, माणसं कष्टाळू. आजारपण जवळजवळ नाहीच."

मागनं कुनीतरी बोललं, "आमच्याकडं कुनी आजारी पडत न्हाई का मंग?"

"डेटा तसंच सांगतो, भाऊ."

लोक हासले. साहेबबी हासला. मंग तो पुढं लई बोलला. साधनं गरजेच्या जागी न्यायची, वेळ वाचवायची, यंत्रना एका धोरनावर चालली पायजे, असं कायबाय. मला धोरन म्हंजी काय त्ये कळलं न्हाई, पर त्यो वाईट बोलत नव्हता. सरपंच उठला, म्हनला, साहेब एवढ्या लांब आले, टाळ्या वाजवा. आमी वाजवल्या. आमच्या अंगनात आमाला चांगलं म्हनायला कोन येतंय?

पंधरा-एक दिसांनी डायवर निरोप घ्यायला आला. गाडी हमरस्त्याला चालली व्हती, आळेफाट्याकडं. तितं ठिपके जास्त म्हनून. आमचं म्हातारं त्याला म्हनलं, "जा बाबा, तितं तरी तुला कामाला लावत्याल." त्यानं चहा पिला. निघताना मला म्हनला, "मावशी, मीच तुमाला फोनची सवय लागू दिली न्हाई." म्या त्याचा कप उचलला. त्याची गाडी गेली आन् धूळ बसली.

माझा ल्योक आळेफाट्याला हाटेलात भाजी-भाकरी करतो. तो सुट्टीला आला तवा म्हनला, "आये, ती गाडी आमच्या हाटेलासमोरच हुबी असती. डायवर आमच्याकडंच जेवतो. तुझी इचारपूस करतो." म्हंजी गाडी आमच्यापासून लांब गेली आन् माझ्या लेकाच्या दारात हुबी ऱ्हायली. ल्योक तरना, धडधाकट. त्याला तिचा काय उपेग?

हिरड्याचा हंगाम आला. उन्हाळ्यात आमी बाळहिरडा काढतो. मानूस झाडावर चढून काठीनं झोडपतो, बायका खाली येचत्यात, मंग अंगनात वाळवायचा. आमच्या म्हाताऱ्याला सगळे सांगत व्हते, आता चढू नगं. ते म्हनायचं, "झाड मला वळखतंय." दुपारची येळ व्हती. मी खाली वाकून येचत व्हते. आवाज आला. आधी फांदीचा, मंग त्याचा.

पाठीवर पडलं. डोळे उघडे. म्या पानी तोंडाला लावलं तर म्हनलं, "पानी ऱ्हाऊ दे. माझे पाय कुठं हायती बघ."

"हितंच हायती की."

"मला लागंना झाले."

म्या पायाला हात लावला, चिमटा घेतला. ते माझ्या तोंडाकडं बघत व्हतं, चिमटा कदी घेती म्हनून वाट बघत व्हतं. म्या घेतलेला त्याला कळलाच न्हाई.

जाऊ आन् आजूबाजूची मानसं धावली. मोबाईल माझ्याच कमरंला व्हता. म्या म्हनलं, ह्या बारीला फोन करायचा. डायवरनं सांगितलं व्हतं, पुन्यात वाजला पायजे. मानसं बांबू तोडायला गेली, आन् मी टेपाड चढले. कशी चढले मला ठावं न्हाई. धोंड्यावर हुबी ऱ्हायले, नंबर लावला. पोरीचा आवाज आला. गोड पोरगी.

"आजी, पत्ता सांगा."

म्या वाडीचं नाव सांगितलं, धरन सांगितलं.

"आजी, मला नकाशावर तिथं रस्ता दिसत नाहीये. पाणी दिसतंय."

"पानीच हाय बाई. पान्याच्या कडंनं रस्ता हाय. मातीचा. यष्टी येती की."

"जवळची खूण सांगा. शाळा, मंदिर, पेट्रोल पंप?"

"पंप? बाई, हितं बैल हायती."

ती हासली न्हाई. तिला हासायची परवानगी नसंल. पेशंटचं वय इचारलं, शुद्धीवर हाय का इचारलं, रक्त आलंय का इचारलं. मंग म्हनली, "आजी, गाडी निघतेय. हमरस्त्यावरून येईल, दीड तास तरी धरा. त्यांना हलवू नका. वाकवू नका. गाडीत फळी आहे, ते लोक फळीवर घेतील. आणि फोन चालू ठेवा, ड्रायव्हर रस्ता विचारायला फोन करेल."

म्या म्हनलं, "चालू हाय."

पर कुठं चालू? धोंड्यावर चालू. खाली उतरले तर बंद. मी हुबी ऱ्हायले. डोक्यावर ऊन, खाली हिरड्याच्या झाडापाशी मानसं मुंगीएवढी. कुनी वर बघंना. किती येळ गेला मला सांगता येत न्हाई. मंग खालनं जाऊ वरडायला लागली, "अगं ये खाली, ते लई वरडतंय, तुलाच हाका मारतंय!"

मी खाली गेले. माझा मानूस हाका मारीत व्हता, मी धोंड्यावर काय करू?

मी त्याचा हात धरून बसले. ते शांत झालं. ऊन सरकलं, सावली सरकली, गाडी काय येईना. लोक म्हनायला लागले, भाईचा आज वार हाय, पिकअप कडंला आली असंल, गेली म्हंजी मंग काय न्हाई. म्या म्हनलं, पोरीनं सांगितलंय, हालवू नगा. जाऊ म्हनली, "त्या पोरीला हितं आन आन् सांगायला लाव." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बांबूला घोंगडी बांधून झोळी तयारच व्हती. म्या मान हालवली.

झोळीत मानूस सरळ ऱ्हात न्हाई. मधीच वाकतो, गाठोड्यासारखा. ते एकदा वरडलं, मंग वरडलंच न्हाई. ते न वरडनं मला आजबी ऐकू येतंय.

भाईंनी बघितल्या बघितल्या मासळीचे क्रेट खाली टाकले, बर्फ रस्त्यावर वतला. मासळी तितंच सोडली. म्हनले, "मावशी, तुमी डोकं मांडीवर घ्या. मी हळू नेतो." हळू नेली त्यांनी. पर त्या रस्त्याला हळू काय आन् जोरात काय. गाडीत माशाचा वास, बर्फाचं पानी, आन् आमचं म्हातारं वर आभाळाकडं बघत. मला म्हनलं, "आता माशाच्या भावानं इकू नगं मला." म्या म्हनलं, "तुला कोन घेतंय."

तालुक्याला दाखवलं, तितनं पुन्याला धाडलं. पुन्यातल्या डाक्टरनी फोटो काढला, उजेडाला धरला. इचारलं, "यांना आणलं कसं?"

भाईंनी सांगितलं. झोळी, पिकअप.

डाक्टर चिडला. "मणक्याचा पेशंट असा वाकवून आणतात? फळीवर सरळ आणायचा. ॲम्ब्युलन्स का नाही बोलावली?"

भाईंनी मान खाली घातली. त्यांची मासळी गेली, दिस गेला, वर बोलनं खाल्लं. म्या म्हनलं, "डाक्टर, त्यांना बोलू नगा. गाडी बोलावली व्हती." मंग म्या इचारलं, फळीवर आनलं असतं तर पाय ऱ्हायले असते का? त्यानं फोटो खाली ठेवला. म्हनला, "सांगता येत नाही." एवढंच म्हनला. मला वाटतं मानसानं असं बोलू नये. एक तर हो म्हनावं, न्हाईतर न्हाई म्हनावं. आता मी रोज दोन्ही म्हनते.

पाय गेले. आमी घरी आलो, म्हाताऱ्याला वसरीवर ठेवलं, कारन त्याला पानी बघायचं असतंय. दर थोड्या येळानं कूस बदलायला लागती, न्हाईतर पाठीला जखमा व्हत्यात. ते काम माझं.

ल्योक आला, त्यानं आपल्या जुन्या डायवरला इचारलं व्हतं. गाडी निघाली व्हती. घाट चढून धरनापर्यंत आली व्हती. डायवर दुसराच व्हता, पाळी बदलल्याली. वळखीचा असता तर वाट इचारावीच लागली न्हसती. त्या नव्या मानसानं माझा फोन लावला, लागंना. परत लावला. मंग पुन्याहून सांगितलं, संपर्क व्हत न्हाई तर परत फिर, हमरस्त्याला दुसरा फोन हाय. गाडी परत गेली. आमी झोळी उचलत व्हतो त्याच टायमाला ती पान्याच्या त्या अंगाला हुबी व्हती.

ल्योक म्हनला, तक्रार करायची. मला तक्रार करता येत न्हाई, मला बोलता येतंय. तालुक्याला साहेब येनार व्हते तवा ल्योक मला घिऊन गेला. तोच साहेब. त्यानं वळखलं न्हाई मला, पर खुर्ची दिली. कंप्युटर उघडला, शोधलं.

"आजी, तुमचा कॉल सापडला. पण हा तर निकाली दाखवतोय."

ल्योक म्हनला, "निकाली म्हंजी काय?"

"म्हणजे पूर्ण झालेला. बंद झालेला. गाडी ठरलेल्या वेळेत निघाली. संपर्क झाला नाही, म्हणून कॉल बंद. आमच्या बाजूनं वेळ पाळलेली आहे."

म्या म्हनलं, "सायेब, माझं म्हातारं अजून उघडंच हाय."

त्याला कळलं असंल. त्यानं डोळे पुसल्यासारखा चष्मा काढला. म्हनला, "आजी, तुम्ही रेंज सोडून खाली आलात. तिथंच थांबला असता तर..."

"माझा मानूस हाका मारीत व्हता."

"ते बरोबर आहे. पण सिस्टीमला ते कळत नाही."

"मंग तिला कळंल अशी करा की. तुमी शिकल्याली मानसं. गाडी कुठं हाय त्ये पुन्याला दिसतंय, डिझेल कुठं गेलं त्ये दिसतंय, मंग टेपाडावर हुबी म्हातारी का दिसत न्हाई?"

त्यानं चष्मा परत लावला. म्हनला, गाडी परत मागायची असंल तर एकच उपाय हाय. त्या भागातनं फोन वाढले पायजेत. फोन वाढले का ठिपके वाढतील, ठिपके वाढले का वर सांगता येईल. म्हंजी आमी आजारी पडतो ह्ये आमीच दाखवायचं. म्या म्हनलं, पडद्यावर आमी आजारी नव्हतो तवा तुमी टाळ्या घेतल्या. त्याला ते आठवलं का न्हाई, मला ठावं न्हाई. परतताना यष्टीत ल्योक रडला. मी न्हाई.

वाडीत सांगितलं. बायका बसल्या, ठरवलं. कुनालाबी काय झालं, भाईच्या गाडीनं नेलं तरीबी, फोन करायचा. आन् ज्यानं फोन केला त्यानं गाडी दिसंपर्यंत धोंड्यावरनं हालायचं न्हाई. कुनी हाका मारल्या तरी. ह्ये शेवटचं म्याच घातलं.

एकदा जावंच्या नातवाला ताप आला, भाईच्या पिकअपमधनं धाडला, आन् म्या वर जाऊन फोन केला. पोरगी इचारती, "गाडी कुठं पाठवू?"

"नगं, गेला तो. तू फक्त ठिपका टाक."

"आजी, असं नाही करता येत. गाडी नको असेल तर कॉल खोटा धरला जातो. खोटे कॉल करू नका, कारवाई होते."

"ताप खरा हाय बाई."

"ताप खरा असेल. कॉल खोटा."

फोन ठेवला तिनं. वाडीत सांगितलं तर जाऊ म्हनली, "आता ताप आला तर गाडी येईस्तोवर पोरगं धरून ठेवायचं का?" तरीबी आमी फोन करतो. गाडी अजून आळेफाट्यालाच हाय.

परवा जावंच्या सुनंला कळा सुरू झाल्या. दिस भरायच्या आधी. भाईचा वार नव्हता, यष्टी गेल्याली. सगळ्या बायका तिच्यापाशी, मानसं रस्त्याला. वर कोन जानार? माझ्यावानी रिकामं कोन हाय? म्हाताऱ्याला कुशीला करून, पानी उशाशी ठेवून मी टेपाड चढले. फोन लावला. पोरगी दुसरी व्हती. तिला नकाशात पानी दिसलं, म्या तिला पान्याच्या कडंनं रस्ता सांगितला. "गाडी येते," म्हनली, "फोन चालू ठेवा."

मी धोंड्यावर बसले. खाली आमचं घर दिसत व्हतं, वसरी दिसत व्हती. म्हाताऱ्याची हाक येत व्हती. नीट ऐकू येत नव्हती, पर हाक व्हती. ऊन उतरायला लागलं. एकदा मोबाईल वाजला, डायवरनं वाट इचारली, म्या सांगितली. परत वाजला, परत सांगितली. हाक येतच व्हती. मंग थांबली. मी उठले न्हाई.

गाडी पान्याच्या कडंला दिसली. सुनंला फळीवर घेतली, सरळ, गाडी वळली, गेली. तवा मी उतरले.

वसरीवर म्हातारं तसंच पडलं व्हतं. धोतर भिजलं व्हतं. उशाचं पानी कलंडलेलं, मुंग्या व्हत्या. म्या मुंग्या झटकल्या, पुसून घेतलं.

मंग ते म्हनलं, "आली का?"

"आली."

"टायमाला?"

"टायमाला."

त्यानं डोळे मिटले. "मंग बरं झालं," म्हनलं. थोड्या येळानं म्हनलं, "आता मला कूस बदलून दे."

म्या दिली. पाठीला नवी जखम झाली व्हती. त्याला लागत न्हाई, म्हनून म्या सांगितलं न्हाई.